बंदर बुडाले ते डोंगरावरच्या मातीने

मोसम काठच्या एका गावात मागच्या उन्हाळ्यात ग्रामसभेला बसलो होतो. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मृद व जलसंधारणाची कोणती कामे घ्यायची, असा विषय होता. मी सुचवले की आधी वरच्या टेकडीवर समतल चर आणि दगडी बांध घेऊ, मग खालच्या नाल्याचे पाहू. लगेच मागून आवाज आला, "साहेब, डोंगरावर चर खोदून कोणाचं पोट भरणार? नदीवर सिमेंटचा बंधारा द्या. निदान दिसतो तरी!" सभा हसली. ठराव अर्थातच बंधाऱ्याचा झाला.

त्याच महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यात खारेपाटणला जाणे झाले. लग्न आटोपल्यावर यजमानांच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर नदीवर गेलो. ते काठावर उभे राहून म्हणाले, "इथपर्यंत गलबतं लागायची. समुद्रावरून थेट." मी पाहिले तर समोर नदी, मधे गाळाची बेटे, त्यावर उगवलेली झुडपे आणि कडेला कपडे धुणाऱ्या बाया. मला ग्रामसभेतला तो हशा आठवला. म्हणून हा लेख. आपल्या नामपूर भागातल्या शेतकऱ्याला कोकणातल्या एका बंदराशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरून वाचावे, एवढीच विनंती.

सोन्याची जकात घेणारे गाव

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातले गाव. विजयदुर्गच्या खाडीत, समुद्रापासून सुमारे चाळीस किलोमीटर आत, नदीच्या वळणावर वसलेले. नावातच त्याचा इतिहास आहे. पाटण म्हणजे पत्तन, व्यापारी शहर किंवा बंदर. भरतीचे खारे पाणी जिथवर चढते तिथले पाटण, ते खारेपाटण, असा सरळ अर्थ लावता येतो. जुन्या काळी बंदर समुद्राच्या तोंडाशी नसून आत असायचे. कारण साधे होते. उघड्या किनाऱ्यावर वादळाची भीती आणि चाचेगिरीची भीती. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत खाडीतून आत घ्यायचे, गोड्या पाण्याजवळ नांगर टाकायचा, माल उतरवायचा आणि घाटाखाली आलेल्या बैलांच्या पाठीवर तो लादायचा. खारेपाटणहून भुईबावड्याच्या वाटेने वर चढले की गगनबावडा, आणि पुढे कोल्हापूरचा मुलूख. देशावरचा माल खाली, कोकणचा आणि समुद्रापलीकडचा माल वर.

या गावात सापडलेले ताम्रपट प्रसिद्ध आहेत. त्यातला एक शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने तो दिला. त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी आणि मठातल्या तपस्व्यांसाठी गावे दिली आहेत. शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, तर कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक धरण, अशी जकातही देवाला लावून दिली आहे. त्याच पटात तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरे देवस्थानाच्या सेवेला नेमून दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही गावगाडा तोच होता, फक्त त्याच्या दारात जहाजे लागत होती. शिलाहारांची बलिपत्तन ही राजधानी म्हणजे हेच खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात. दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेव शिलाहाराचा, शके 1016 चा. त्यातही बंदरावरच्या जकातीची माफी आहे. ठाणे, सोपारे, चौल ही नावे त्यात येतात.

एक गोष्ट वृत्तपत्राच्या पानावर सांगितलीच पाहिजे. रट्टराजाचा ताम्रपट वाचून तो प्रथम प्रसिद्ध करणारे म्हणजे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. त्यांचे पोंभुर्ले हे गावही याच मुलखातले, देवगड तालुक्यातले.

पुढे 1514 च्या सुमारास दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज प्रवासी या बंदराचा उल्लेख करतो. मलबारची जहाजे इथून स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून नेतात, असे तो लिहितो. शेतकरी बंधूंनी हे नीट लक्षात घ्यावे. नुसते मसाल्याचे आणि रेशमाचे हे बंदर नव्हते. आसपासच्या शेतकऱ्याचा भात आणि भाजी परमुलखात जाण्याचे ते दार होते. आज आपण 'निर्यात' म्हणतो ती हीच. त्यानंतर खारेपाटण आंग्र्यांकडे आले. 1756 मध्ये विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांचा पराभव झाल्यावर पेशव्यांकडे आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले. राज्ये बदलली तरी नदी तीच राहिली. पण तिची खोली मात्र तीच राहिली नाही.

खोली कोणी खाल्ली?

शेजारच्या राजापूरचे उदाहरण घेऊ, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. राजापूरला इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्याला वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्यांना त्याची शिक्षा दिली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या राजापूरच्या दगडी धक्क्याला अरबी गलबते लागत. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरने मात्र नोंद करून ठेवली आहे की मोठी जहाजे आता जुन्या धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. धक्का जागेवर होता, गाव जागेवर होते, पाणीही होते. पाण्याखालची जागा मात्र मातीने घेतली होती.

ही माती आली कुठून? समुद्राने आणली नाही. ती वरून आली. सह्याद्रीचा कडा म्हणजे भिंतच. गगनबावड्याला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. आपल्या बागलाणात वर्षाकाठी पडतो पाचशेच्या आसपास, म्हणजे त्याच्या एक दशांश. एवढा पाऊस उभ्या उतारावर पडतो, पण जोवर उतारावर झाड, झुडूप, गवत आणि पालापाचोळा आहे तोवर तो मातीला हात लावू शकत नाही. थेंब आधी पानावर फुटतो, मग पाचोळ्यावर येतो आणि मग जमिनीत मुरतो. झाड तुटले, उतार जाळून त्यावर नाचणी-वरी घेतली, दोन-तीन वर्षांनी तो उघडा टाकून दुसरा उतार धरला, की तोच थेंब मातीवर हातोड्यासारखा पडतो. पाणी गढूळ होते. कड्यावरून धावणारे पाणी माती सोबत नेते, कारण त्याला वेग असतो. खाडीत आल्यावर वेग संपतो. त्यात समोरून भरतीचे पाणी येते आणि प्रवाह थबकतो. थबकलेले पाणी हातातले ओझे खाली ठेवते. ते ओझे म्हणजे गाळ.

हे एका रात्रीत होत नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. एका पावसाळ्यात बोटभर थर बसला तर कोणाच्या लक्षात येणार? तांडेल म्हणतो, यंदा ओहोटीला जरा जपून. दहा वर्षांनी म्हणतो, फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणातच गलबत आत घ्या. पंचवीस वर्षांनी मोठे गलबत खालीच थांबते आणि माल होड्यांनी आत येतो. मग व्यापारी हिशोब करतो, दोनदा चढउतार कशाला, वखारच खाली नेऊ. वखार गेली की हमाल जातो, हमालामागे बाजार जातो आणि बंदर गाव होते. कोणाला दिवस सांगता येत नाही की अमुक तारखेला बंदर बंद पडले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. एकट्या गाळाने ही बंदरे मारली नाहीत. आगबोटी आल्या, त्यांना खोल पाणी लागायचे. मुंबई वाढली. घाटावर आगगाडी आली आणि देशावरचा कापूस, धान्य रेल्वेने थेट मुंबईला जाऊ लागले. पुढे पक्के रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले. हे सगळे मान्य. पण विचार करा, रस्ते आणि रेल्वे आल्या म्हणून जगातली सगळीच जुनी बंदरे मेली नाहीत. ज्यांच्या दारात खोल पाणी शिल्लक होते त्यांना नव्या काळाशी जुळवून घेण्याची संधी मिळाली. ज्यांच्या दारात गाळ होता त्यांना ती मिळालीच नाही. गाळ माणसाला लगेच मारत नाही, तो माणसाचे पर्याय मारतो. बंगालमधले प्राचीन ताम्रलिप्ती असो की तुर्कस्तानातले इफेसस असो, एके काळी जहाजांनी गजबजलेली ही शहरे नद्यांच्या गाळानेच समुद्रापासून तुटली. हे दुखणे एकट्या कोकणचे नाही.

शिवाय बंदर गेले म्हणजे गाळाने आपले काम संपवले असेही नाही. ज्या पात्रात पूर्वी गलबत मावत होते त्या पात्रात आता पुराचे पाणी मावत नाही. खारेपाटणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरल्याची बातमी पावसाळ्यात पुनःपुन्हा येते. चिपळूणचे गोवळकोट हेही असेच जुने बंदर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. त्या दिवशी अतिवृष्टी होती आणि भरतीही होती, पण गाळाने उथळ झालेल्या पात्राची चर्चा त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राने केली आणि वाशिष्ठीतला गाळ काढायला यंत्रे लावावी लागली. आजोबांनी उतार उघडा केला, त्याची फेड नातवाच्या दुकानाने केली.

मोसमचेही एक बंदर होते

आता आपल्याकडे येऊ. मोसमला कुठले आले बंदर, असे वाटेल. पण नकाशा समोर घ्या. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातून निघालेली मोसम हरणबारी, ताहाराबाद, जायखेडा करत नामपूरला येते. पुढे मालेगावजवळ गिरणेला मिळते. गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. आणि तापी जाते सुरतेला. सुरत म्हणजे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर! 1613 मध्ये इंग्रजांनी आपली वखार तिथे थाटली. पण त्याही वेळी तापीच्या मुखातल्या गाळावाळूमुळे मोठी जहाजे सुरत शहरापर्यंत येत नसत. ती बाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि तिथून माल शहरात नेला जाई.

बागलाणचा आणि सुरतेचा संबंध जुना आहे. सुरतेहून दख्खनेत येणारा एक मोठा व्यापारी रस्ता आपल्या बागलाणातून जात असे. मुल्हेरचे महत्त्व त्यामुळेच होते आणि 1638 मध्ये मोगलांनी बागलाण घेतले ते काही उगाच नाही. 1670 मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज परतले तेही बागलाणातूनच. म्हणजे सुरतेचा माल बैलांच्या पाठीवर आपल्याकडे यायचा आणि आपली माती पुराच्या पाण्यावर सुरतेकडे जायची. मालाचे दाम कोणीतरी मोजत होते. मातीचे दाम मात्र कोणी मोजले नाही. सुरतेच्या त्या गाळात सातपुड्यापासून खानदेशापर्यंत सगळ्यांची माती होती. त्यात थोडी आपल्याही शिवाराची होती, एवढे खरे.

आता ती माती सुरतेपर्यंत जात नाही. मुल्हेरकडची माती हरणबारी धरण अडवते. हरणबारीच्या खालची, म्हणजे ताहाराबाद-नामपूर भागातली, मोसमने गिरणेत आणि गिरणेने 1969 मध्ये बांधून झालेल्या गिरणा धरणात नेऊन टाकायची, असा सध्याचा हिशोब आहे. म्हणजे आपले 'बंदर' आता धरण आहे. खारेपाटणात गाळाने जहाजाची जागा घेतली, आपल्याकडे गाळ पाण्याची जागा घेतो. आपल्याच नाशिकची 'मेरी' ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून धरणांतल्या गाळाचा अभ्यास करते, तो काही हौसेखातर नाही. धरणाची भिंत कितीही उंच असली तरी तळ वर येत गेला की आवर्तन कमी होणार. मग एक पाणी कमी. एका पाण्याने उन्हाळ कांद्याचे काय होते ते मी सांगायला नको.

एक ब्रास मातीचा हिशोब

मातीचा हिशोब आपल्या भाषेत करू. वाळूचा, खडीचा हिशोब आपण ब्रासमध्ये करतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका एकरावरून एका पावसाळ्यात फक्त एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे पट्टीवरची सर्वांत लहान रेघ, तरी ती होते जवळजवळ दीड ब्रास. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण दीड ब्रास माती बांधावरून गेलेली असते. हजार एकरांच्या पाणलोटातून अशी गेली तर चौदाशे ब्रास. एवढी माती कोणी ट्रॅक्टरने चोरून नेली असती तर आपण पोलीस पाटलाला उठवले असते, तहसीलवर मोर्चा नेला असता. पाणी नेते तेव्हा आपण म्हणतो, यंदा पाऊस चांगला झाला!

त्यातही जाते ती वरची माती. म्हणजे शेणखत, कंपोस्ट आणि महागाच्या खतांची पोती ज्या थरात आपण घालतो तोच थर. खालचा मुरूम जागेवर राहतो. एक वयस्क शेतकरी मला अहिराणीत म्हणाले होते, "पानी उनं नि माटी गई." चार शब्दांत त्यांनी सांगितले ते मला चार बैठकांत सांगता आले नसते.

आणि आपला बाजार तरी कशावर उभा आहे? नामपूरच्या आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, बागलाणची आगाप द्राक्षे परदेशी जातात, ती या मातीवर आणि या खोऱ्याच्या पाण्यावर. तेल्याने डाळिंबाच्या बागा गेल्या तेव्हा आपण दुसऱ्या पिकाकडे वळू शकलो, कारण जमीन शिल्लक होती. जमिनीचा कस गेल्यावर कुठे वळणार? खारेपाटणच्या व्यापाऱ्यालाही आपली पेठ कायमची वाटत असेल.

फडाचे शहाणपण

पण ही गोष्ट नशिबाची नाही, आणि याचा पुरावा आपल्याच खोऱ्यात आहे. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवरची फड पद्धत आपल्या वाडवडिलांची. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचे, फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे, पाटकरी नेमायचा. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला फडातल्या प्रत्येक खातेदाराचा वाटा असे. ज्याला पाणी, त्याला गाळ. पाणी घेणारा आणि गाळ काढणारा वेगळा नव्हता. म्हणून ते पाट शेकडो वर्षे चालले.

खारेपाटणला हेच नव्हते. ताम्रपटात जहाजावरची जकात कोणाला द्यायची ते लिहिले आहे. पण डोंगरावरचा उतार सांभाळणाऱ्याला त्या जकातीतले काही मिळत असल्याचा उल्लेख नाही. उताराचा मालक वेगळा, नाचणी घेणारा वेगळा, लाकूड नेणारा वेगळा, जकात घेणारा वेगळा आणि गाळात रुतणारा वेगळा. गाळाला मालक नसतो, हेच गाळाचे बळ आहे. फड पद्धतीने गाळाला मालक दिला, म्हणून फड तरले. माझ्या मते जलसंधारणाचा सगळा धडा या एका फरकात आहे.

आज आपण पुन्हा बिनमालकीच्या गाळाकडे चाललो आहोत. डोंगर वनखात्याचा, गायरान ग्रामपंचायतीचे, नाला मृद व जलसंधारणाचा, नदी महसूलची, धरण पाटबंधारेचे आणि शेत माझे. प्रत्येकाच्या हद्दीतून माती जाते आणि प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो. यात आम्ही खात्याची माणसेही धुतल्या तांदळासारखी नाही. किती मीटर चर खोदले त्याचा अहवाल आम्ही वेळेवर पाठवतो. त्या चरांनी किती माती अडवली, दोन पावसाळ्यांनंतर ते चर आहेत की बुजले, हे पाहायला पुन्हा जाणारे थोडे. मीही दरवेळी गेलो आहे असे छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, काम माथ्यापासून पायथ्याकडे. वर उतारावर सलग समतल चर, ओघळीत अनघड दगडांचे बांध, चरांच्या भरावावर गवत आणि झाडे. मग शेतातली बांधबंदिस्ती. मग नाला. आणि सर्वांत शेवटी सिमेंटचा बंधारा. उलट्या क्रमाने काम केले तर बंधारा पाण्याने नाही, गाळाने भरतो, आणि पाचव्या वर्षी आपण पुन्हा गाळ काढायला अर्ज लिहितो. ग्रामसभेतल्या त्या बंधूंना माझे एवढेच सांगणे की बंधारा तुम्हाला जरूर मिळावा, पण त्याचे आयुष्य वरच्या टेकडीवर ठरते.

दुसरी, आपापल्या बांधावर. पेरणी आणि मशागत उताराला आडवी करावी. ट्रॅक्टरवाल्याला उभे तास सोपे पडते, म्हणून आपण गप्प बसतो. तसे बसू नये. बांधाच्या खालच्या तोंडाला पाण्याला वाट दगडी सांडव्यातून द्यावी, बांध फोडून नाही. बांधावर गवत किंवा वाळा लावावा. पीक निघाल्यावर काड, पाचट पेटवू नये. ते जमिनीवर राहिले तर थेंबाचा मार तेच झेलते.

तिसरी, गेलेली माती परत आणणे. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून पुन्हा चालवली जात आहे. तलावातला, पाझर तलावातला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीवर टाकण्यासारखा उपाय नाही. पण डोळे झाकून टाकू नये. गाळाची आधी माती परीक्षणातून तपासणी करून घ्यावी. चुनखडीचा किंवा क्षाराचा असेल तर नको. भारी काळ्या रानात तर मुळीच नको, निचरा बिघडतो. दोन-तीन इंचांचा थर पसरून नांगरटीने मिसळून घ्यावा. अटी आणि अनुदान काय ते त्या वर्षीचे विचारून घ्यावे. आणि लक्षात ठेवावे, वरचा उतार उघडा ठेवून खालचा गाळ उपसणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

चौथी, वाळूविषयी. काही जण म्हणतात, नदीतून वाळू उपसली तर गाळच निघतो, नुकसान काय? वाळू आणि गाळ एक नव्हेत. वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. गाळ तिची छिद्रे बुजवतो. आपण वाळू काढतो आणि गाळ ठेवतो, म्हणजे दोन्हीकडून उलटे.

पाचवी गोष्ट सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे), तलाठी आणि आम्हा कृषीवाल्यांसाठी. प्रत्येक गावाने पावसाळ्यापूर्वी एक दिवस शिवारफेरी वरून सुरू करावी. टेकडीच्या माथ्यापासून नदीपर्यंत पायी यावे. कुठली ओघळ वाढली, कुठला चर बुजला, कोणाचा बांध फुटला, ते वहीत लिहावे आणि ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. लागतात फक्त पायातल्या वहाणा. ज्या गावांना पाणी एकाच ओढ्याचे, त्यांनी ही फेरी एकत्र करावी. फडाला जर चार गावांचे खातेदार एकत्र बसवता आले, तर आपल्याला का येऊ नये?

खारेपाटणच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना निघताना मी विचारले, "गलबतं कधी बंद झाली हो?" ते थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बंद कोणी केली नाहीत. यायची थांबली." आपल्या शिवाराबद्दल, आपल्या नामपूरच्या बाजाराबद्दल पुढच्या पिढीने असे कोणाला सांगू नये एवढ्यासाठीच हे लिहिले. येत्या ग्रामसभेत मी पुन्हा टेकडीवरच्या चरांचा विषय मांडणार आहे. लोक हसले तरी चालेल. पण हसून झाल्यावर कोणीतरी माझ्याबरोबर टेकडीवर यावे.